या, बसा, सेटिंग बदला

सकाळी साडेसातला पंचवटीतल्या बेदाणेवाल्या काकांचा फोन. "ताई, आपल्या साइटवर पर्सा कोण विकतंय?" पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो. स्क्रीनशॉट नाही, फोटो. मॉनिटरचा, मोबाइलने काढलेला, तिरपा, मधोमध ट्यूबलाइट चमकतेय. गूगलमध्ये दुकानाच्या नावाखाली जपानी अक्षरांच्या ओळीच्या ओळी आणि कसल्याशा ब्रँडेड पर्सांचे भाव. येनमध्ये!

काकांच्या दुकानाची साइट मी सांभाळते, वर्डप्रेसवर, म्हणजे वेबसाइट बनवायच्या फुकट सॉफ्टवेअरवर. चहा बाजूला ठेवून लॉगिन केलं. युजर्सच्या यादीत एक नवा अ‍ॅडमिन. नाव काय, तर 'डब्ल्यूपी सपोर्ट'. नोंदणी पहाटे ३:४० ची. सेटिंगमध्ये 'कुणीही नोंदणी करू शकतं' वर टिक, आणि खाली नव्या युजरचा रोल: अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. झालं! पासवर्ड फोडला नाही, सर्व्हरला हात लावला नाही. रीतसर फॉर्म भरून, ईमेल देऊन साहेब मालक झाले.

हे कुणाच्या कृपेने? तर दिवाळी ऑफरचा पॉपअप दाखवणाऱ्या एका फडतूस प्लगिनच्या, म्हणजे साइटला वरून जोडायच्या छोट्या प्रोग्रामच्या. कोड उघडला. सेटिंग सेव्ह करणारं एजॅक्स फंक्शन, म्हणजे पान न बदलता मागच्या मागे चालणारं. समोरून सेटिंगचं जे नाव येईल, जी व्हॅल्यू येईल, ती उचलायची आणि साइटची सेटिंग बदलणाऱ्या अपडेट_ऑप्शनला थेट द्यायची. मध्ये करंट_युजर_कॅन, म्हणजे समोरच्याला याची परवानगी आहे का ही तपासणी, कुठे आहे? त्या फाइलमध्ये शोधलं, मग अख्ख्या फोल्डरमध्ये शोधलं. नाही म्हणजे नाहीच. अरे, एक ओळ! पॉपअप डावीकडून सरकत यावा की वरून टपकावा यासाठी बाबाने तीनशे ओळी लिहिल्यात, कॉन्फेटीसुद्धा उडवलीय, आणि 'तू कोण रे?' एवढं विचारायला एक ओळ सुचली नाही?

नॉन्स, म्हणजे रिक्वेस्टसोबत येणारी तात्पुरती खूण, मात्र तपासलाय हं. मोठ्या तोऱ्यात, वर कमेंट टाकून: 'सिक्युरिटी चेक'. आणि तो नॉन्स छापलाय कुठे? लॉगिन केलेल्या प्रत्येकाच्या पेज सोर्समध्ये. म्हणजे अर्धा किलो बेदाण्यासाठी खातं उघडलेल्या गिऱ्हाइकालाही. सोसायटीचा वॉचमन वहीत नाव-गाव-गाडी नंबर सगळं लिहून घेतो आणि कुणाकडे चाललात ते विचारतच नाही, तसला प्रकार. वर्डप्रेसच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमध्ये धडधडीत लिहिलंय की परवानगीसाठी नॉन्सवर विसंबू नका, करंट_युजर_कॅन वापरा. पण डॉक्युमेंटेशन वाचणार कोण? आम्हीच, सकाळी साडेसातला.

सर्व्हरच्या लॉगमध्ये सगळा कार्यक्रम दिसतोय. गिऱ्हाईक म्हणून खातं उघडलं, होम पेज एकदा पाहिलं, अ‍ॅडमिन-एजॅक्सवर दोन पोस्ट रिक्वेस्ट, मग नवी नोंदणी. लोक म्हणतात 'हॅकर'. कसला हॅकर? स्क्रिप्ट आहे ती. तिला ना बेदाणे माहीत, ना पंचवटी.

आणि सर्वात जास्त डोकं कशाने फिरलं माहितीय? प्लगिनची नवी आवृत्ती आलेली होती. चेंजलॉगमध्ये काय? 'किरकोळ सुधारणा.' किरकोळ! लोकांचं दुकान दुसऱ्याच्या नावावर होतं आणि हे किरकोळ! सरळ लिही ना की भोक होतं, बुजवलंय, आजच्या आज अपडेट करा. पण नाही, रेटिंग खाली येईल ना साहेबांचं. त्यापेक्षा आमची गूगलमधली रँकिंग गेली तरी चालेल.

बरं, हे काही नवीन आहे का? २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये 'डब्ल्यूपी जीडीपीआर कम्प्लायन्स' नावाच्या प्लगिनमध्ये हुबेहूब हेच झालं होतं. तीच नोंदणीची टिक, तोच डिफॉल्ट रोल, आणि प्लगिन बसवलेलं लाखाहून जास्त साइट्सवर. प्रायव्हसीचा कायदा पाळायला लोकांनी घेतलेलं प्लगिन, बोला! २०२० मध्ये 'थीमग्रिल डेमो इम्पोर्टर'ने तर कहर केला. लॉगिन न करता कुणीही यावं आणि अख्खा डेटाबेस पुसून जावं. का? तर कोड अ‍ॅडमिन_इनिटवर लटकवला होता. हा वर्डप्रेसचा हुक, म्हणजे कोड अडकवायची जागा. तिच्या नावात 'अ‍ॅडमिन' आहे, म्हणजे तिथे अ‍ॅडमिनच येणार अशी यांची भाबडी श्रद्धा. इज_अ‍ॅडमिनचंही तेच. अरे बाबांनो, ते 'पान अ‍ॅडमिनचं आहे का' एवढंच सांगतं, माणूस अ‍ॅडमिन आहे का ते नाही! अ‍ॅडमिन-एजॅक्सवर ते सगळ्या जगाला 'हो'च म्हणतं. ओवॅस्प या वेब-सुरक्षेच्या संस्थेच्या धोक्यांच्या यादीत २०१७ ला पाचव्या नंबरवर असलेला, परवानगी न तपासण्याचा हा प्रकार २०२१ ला पहिल्या नंबरवर गेला, तो काय उगाच?

हे सगळं मी घरात मोठमोठ्याने बोलत होते असं नंतर कळलं. सासूबाई स्वयंपाकघरातून डोकावून म्हणाल्या, "अगं, कोणाशी भांडतेयस?" आता काय सांगू, एका फंक्शनशी! ज्याच्यावर ओरडत होते तो जगाच्या कुठल्या टोकाला झोपलेला असेल, आणि वर त्याने ते प्लगिन मला फुकट दिलंय. त्याला पाच पैसे न देता मी त्याच्या सात पिढ्या काढतेय, हे जरा जास्तच होतंय, मान्य. पण म्हणून शिव्या देणं थांबवलं असं मुळीच नाही.

कारण पुढे होस्टिंगवाले होतेच. चॅटवर अर्धा तास 'आपली समस्या आम्ही समजतो', शेवटी काय तर 'कॅशे क्लिअर करून पाहा'. मग काकांचा इंजिनिअरिंगला असलेला भाचा. त्याचं मत, वर्डप्रेसच फालतू आहे. हाच तो हिरो ज्याने मागे पैसे वाचवायला नल्ड थीम, म्हणजे विकतच्या डिझाइनची चोरटी कॉपी, टाकली होती आणि ती काढताना माझा अख्खा रविवार गेला होता. आणि खुद्द काका: "पण ताई, आपल्याकडे चोरण्यासारखं आहे काय?" काका, गिऱ्हाइकांचे पत्ते आणि फोन नंबर आहेत, तुमचं नाव आहे. पण ते जाऊ दे, त्यांना आज संध्याकाळपर्यंत पर्सा जायला हव्यात. साइट साफ झालीय हो, गूगल मात्र त्याच्या वेळेने विसरणार. हे समजावण्यापेक्षा संध्याकाळी सहाला द्वारका सर्कलला गाडी काढणं सोपं.

त्यात २०२७ चा सिंहस्थ. नाशकातल्या प्रत्येक लॉजवाल्याला, ट्रॅव्हल्सवाल्याला कुंभाच्या आधी बुकिंगची साइट हवीय, स्वस्तात हवीय. म्हणजे फुकटची प्लगिनं आलीच. आज दुपारी अशाच एकासाठी बुकिंगचं प्लगिन बघत होते. छान दिसणारं, चांगले रिव्ह्यू, नियमित अपडेट. दुधाने तोंड पोळलेलं, म्हणून आधी कोड उघडला. सगळ्या बुकिंगची यादी देणारा रेस्ट रूट, म्हणजे मागितल्यावर डेटा देणारा पत्ता: नाव, फोन, येण्याची तारीख, जाण्याची तारीख. त्याचा परमिशन_कॉलबॅक, म्हणजे कुणाला आत सोडायचं ते ठरवणारं फंक्शन, काय होता? रिटर्न_ट्रू. म्हणजे कायम 'हो'.

म्हणजे हा विसरला नाहीये, बरं का. २०२० पासून, वर्डप्रेस ५.५ आल्यापासून, परमिशन_कॉलबॅक दिला नाही की नोटीस येते. त्याला ती नोटीस आली असणार. त्याने ती वाचली असणार. आणि ती कटकट बंद व्हावी म्हणून शहाण्याने स्वतःच्या हाताने लिहून दिलंय: कुणीही या!