'आजची पोरं नशिबाला दोष देतात': त्या मेसेजबद्दल खुलासा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: "जुनी माणसं मनगटाच्या जोरावर जगली, आजची ८० टक्के पोरं नशिबावर विसंबतात, अमेरिकेत सिद्ध झालंय." ८० चा आकडा हवेतला नाही, पण बाकी सगळी खिचडी आहे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जीन ट्वेंगी आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये जुने अभ्यास एकत्र करून पाहिले. निष्कर्ष असा की २००२ चा सरासरी अमेरिकी कॉलेज विद्यार्थी 'माझं आयुष्य बाहेरच्या गोष्टींच्या हातात आहे' हे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीच्या ८० टक्के विद्यार्थ्यांपेक्षा जास्त मानत होता. म्हणजे तुलना कॉलेजातल्या पोरांची कॉलेजातल्या पोरांशीच. आजोबा-नातवाची नव्हेच. आपल्याकडच्या कुणाला तर त्यात विचारलंच नव्हतं.

आणि 'बाहेरचं' म्हणजे नुसतं नशीब नव्हे. आयुष्याची सूत्रं आपल्या हातात आहेत की बाहेरच्या गोष्टींच्या, हे माणूस काय मानतो ते मोजणारी एक प्रश्नावली आहे. मानसशास्त्रज्ञ ज्युलियन रॉटर यांच्या १९६६ च्या या प्रश्नावलीत 'सगळा नशिबाचा खेळ' आणि 'सत्तेपुढे आमचं काय चालणार' ही दोन्ही उत्तरं एकाच बाजूला पडतात. निपाणीचा एखादा म्हातारा आजही सांगेल, '५६ साली आमचं गाव कुठल्या राज्यात घालायचं ते आम्हाला कुणी विचारलं?' प्रश्नावलीच्या हिशेबात हा झाला 'बाहेरचा'. पण १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी हायवे अडवून बसलेले शेतकरी याच पिढीतले. आता यांना कुठल्या खान्यात टाकणार?

मेसेज पुढे ढकलायचाच असेल, तर निदान 'अमेरिकी कॉलेज विद्यार्थी' हे तीन शब्द गाळू नका.