भरीत पार्टीतली सिलेक्शन कमिटी

काल यावल रोडला एका मळ्यात भरीत पार्टी होती. तुराट्यांवर भाजलेली वांगी, हिरव्या मिरचीचा ठसका, कांद्याची पात, गरम पुऱ्या. जेवणाबद्दल तक्रार नाही. तक्रार नंतरची आहे. हात धुऊन झाले आणि कुणीतरी मोबाइल काढला. आपल्या ग्राउंडवरच्या पोरीचा हॉकी खेळतानाचा व्हिडिओ, चाळीस सेकंदांचा. तीन जणींना चकवून डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, घुसते आणि बॉल नेमका गोलकीपरच्या पॅडवर मारते. झालं! वांग्यांची राख अजून गरम होती आणि तिथेच सिलेक्शन कमिटी बसली.

"बॉल सोडतच नाही." "उंची कुठे आहे?" "रिव्हर्स शून्य, स्टिक उलटी फिरवून बॉल घेताच येत नाही." "अरे, दुसरा धनराज आहे, काय सांगून राह्यला भो!" "टर्फवर, त्या कृत्रिम गवतावर गेली की दहा मिनिटांत कळंल." आज सकाळी ग्रुप उघडतो तर तीच कमिटी तिथे हजर, आणि व्हिडिओखाली कमेंटींचा ढीग. एकाने लिहिलंय, "क्लिअर ऑफसाइड होती."

अहो साहेब, हॉकीतून ऑफसाइडचा नियम जाऊन पाव शतक उलटलं. पोरीचे दोष काढायला बसलात, आधी नियम तरी ताजे करून घ्या.

रागात लिहितोय, माहीत आहे. चालेल. पोरीचं नाव लिहीत नाही, सोळा वर्षांची आहे, उद्या तिला शाळेत जायचंय.

मी बोलतोय कारण १९८१ साली मीही असाच व्हिडिओ होतो. मोबाइल नव्हते, पण ग्राउंडच्या भिंतीवर बसलेली शे-दीडशे माणसं होती. मी सोळाचा, लेफ्ट इन, म्हणजे पुढच्या फळीत डावीकडे खेळायचो. आदल्याच वर्षी मॉस्कोत आपण स्पेनला ४-३ हरवून गोल्ड आणलेलं, त्यामुळे गल्लीतल्या प्रत्येक पोराला वाटायचं, पुढचा नंबर आपला. मी दोघांना सोडून तिसऱ्याला चकवलं की भिंतीवरून असा कल्ला उठायचा की यार्डातल्या इंजिनाचा भोंगा ऐकू येऊ नये. कोपऱ्यात लिंबाखाली एक रिटायर्ड ड्रायव्हर बसायचे. अँग्लो-इंडियन, सगळे त्यांना अंकल म्हणायचे. खुर्ची घरून आणायची, थर्मासमध्ये चहा, मांडीवर टोपी. ते कधी ओरडले नाहीत, कधी टाळी वाजवली नाही. मॅच संपली की मी मुद्दाम त्यांच्यासमोरून जायचो, शाबासकी मिळेल म्हणून. ते फक्त एक आकडा सांगायचे. "नौ." "ग्यारह." एका रविवारी, "बारा." मला वाटायचं, मी चकवलेली माणसं मोजतात. घरी येऊन आईला छाती फुगवून सांगितलं, आज बारा.

त्या बाराचं पुढे सांगतो. आधी पोरीचं.

रिटायर झाल्यापासून मी तिला जवळपास रोज बघतो. तिच्या घरच्या गरिबीची गोष्ट सांगणार नाही. ज्यांना रडायचंय त्यांनी तिच्यावरचं रील बघावं, त्याला मागे व्हायोलिन लावलंय. खेळाचं बोलू.

ट्रॅपिंग, म्हणजे आलेला बॉल स्टिकवर थांबवणं, कच्चं आहे म्हणता. आहे. बॉल स्टिकवरून हातभर उडतो तिच्या. पण एकदा सकाळी सहाला आपल्या ग्राउंडवर उभं राहून बघा, तिच्याकडे बॉल येतो कसा. खाली मुरूम, त्यात पावसाळ्यात घुसलेल्या टेम्पोच्या चाकोऱ्या तशाच वाळून दगड झालेल्या. फुल बॅकने मारलेला बॉल सरळ निघतो, चाकोरीत टप्पा खातो आणि मग त्याची मर्जी. कधी घोट्याला, कधी गुडघ्याला. अशा जागी वाढलेलं पोर स्टिक उभीच धरणार, अंगही सरळच ठेवणार. टर्फवर नेमकं उलटं. तिथे बॉल सपाट येतो आणि गोळीसारखा येतो, कंबरेतून वाकून स्टिक जवळजवळ आडवी टेकवायची असते. तिने मागच्या उन्हाळ्यात कुठलातरी व्हिडिओ बघून इथे तशी टेकवून पाहिली. बॉल दाताला लागला. खालच्या ओठावर दोन टाके आहेत, जवळून बघितलं तर दिसतात. कमिटीने जवळून बघितलंय कधी?

आणि हा दोष काय तिच्या एकटीचा आहे? १९७५ ला क्वालालंपूरला वर्ल्ड कप जिंकणारा आपला देश पुढच्याच वर्षी माँट्रियल ऑलिंपिकला सातवा आला. तिथे पहिल्यांदा टर्फ अंथरलं होतं. एका वर्षात एवढे मोठमोठे खेळाडू ट्रॅपिंग विसरले होते काय? त्यांच्या पायाखालची जमीन बदलली होती, बस. आपल्या पोरीच्या पायाखालची तर अजून बदललीच नाही आणि तुम्ही निकाल लावून मोकळे.

ड्रॅग फ्लिक, म्हणजे बॉल स्टिकने ओढत नेऊन गोलवर फेकणं, येत नाही म्हणे. मुरमावर बॉल ओढून दाखवा. वाळूच्या ढिगात फावडं ओढल्यासारखा आवाज येतो आणि बॉल जागीच अडकतो.

बरं, मान्य. फलटणकडच्या वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे या पोरीही गावातूनच निघाल्या आणि भारताकडून खेळल्या. पण त्या लहान वयातच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेल्या, टर्फवर वाढल्या. आपण आपल्या पोरीला कुठे नेलं? फार तर भरीत पार्टीत नेलं, तेही मोबाइलमधून.

उंचीवाल्यांना काय बोलू? बॉल जमिनीवर असतो, झाडावर नाही. राणी रामपाल २०१० चा वर्ल्ड कप पंधराव्या वर्षी खेळली आणि सात गोल करून आली. तिला आधी कुणी मळ्यात बसवून पास-नापास केलं नव्हतं हे तिचं नशीब.

"आळशी आहे, मध्ये मध्ये चालते." हे ज्याने लिहिलंय त्याला मी ओळखतो, तो पार्किंगमधून ग्राउंडपर्यंतही गाडीनेच येतो. मोठ्या हॉकीत पंधरा-पंधरा मिनिटांचे चार क्वार्टर असतात आणि पोरी सारख्या आत-बाहेर होतात. पाचसात मिनिटं जीव तोडून पळायचं, बाहेर यायचं, पाणी प्यायचं, पुन्हा आत. आपल्याकडे अकरा पोरी जमवता जमवता नाकी नऊ येतात. बेंचवर पाण्याची कॅन आणि कुणाचा तरी लहान भाऊ, एवढेच बसलेले असतात. बदली कुणी येणार नाही हे तिला पक्कं माहीत आहे, म्हणून ती दम राखून खेळते. तुम्ही आळस म्हणता त्याला मी डोकं म्हणतो.

पण खरं सांगू? शिव्या देणाऱ्यांपेक्षा मला जास्त राग "दुसरा धनराज" म्हणणाऱ्यांचा आला. धनराज पिल्ले खडकीचा, तुटक्या स्टिकांवर शिकला, चार ऑलिंपिक आणि चार वर्ल्ड कप खेळला. एवढं करून त्याच्या गळ्यात ऑलिंपिकचं एकही मेडल पडलं नाही. त्याचं नाव तुम्ही पुरीबरोबर वाटत सुटलात. मला भिंतीवरच्यांनी "आपला ध्यानचंद" केलं होतं. मी खरं मानलं. सोळाव्या वर्षी कोण नाही मानणार?

मग ट्रायल आली. कुठली, कुणाची, ते सोडा. वीस मिनिटं मिळाली. चौघांना चकवलं, एकाला तर दोनदा. संध्याकाळी यादी लागली, त्यात मी नव्हतो. परत येताना पॅसेंजरच्या दारात बसून भुसावळ येईपर्यंत रडलो. भिंतीवरचे म्हणाले, वशिला चालला. मलाही ते पटलं. वशिला म्हटलं की झोप लागते. आठ दिवसांनी अंकलना चिडून विचारलं, मी बारा-बारा माणसं चकवतो तरी माझं सिलेक्शन का नाही? ते थर्मासचं झाकण लावत म्हणाले, "आदमी कौन गिनता है? बारा बार तेरा साथवाला फ्री था. तूने दिया नहीं."

मी म्हटलं, मग सांगितलं का नाही? तर म्हणाले, "तूने पूछा किधर?"

चव्वेचाळीस वर्षं झाली. अजून रात्री कधीतरी तो "बारा" ऐकू येतो. दीडशे माणसं टाळ्या वाजवत होती आणि एक माणूस मोजत होता, आणि मी टाळ्या ऐकत होतो.

(बायकोने चहा आणून दिला. म्हणाली, कुणाशी भांडताय एवढं? जरा हळू लिहितो.)

तर मग तिच्यात आहे काय? ते तुमच्या चाळीस सेकंदांत नाही, कारण व्हिडिओ काढणारा कॅमेरा बॉलच्या मागे पळतो. एक मॅच बॉल सोडून फक्त तिला बघा. बॉल तिच्याकडे यायच्या आधी ती एकदा डाव्या खांद्यावरून मागे बघते, एकदा उजव्या. दर वेळी. कुणी शिकवलेलं नाही, मी विचारलंय. त्यामुळे बॉल हातात येतो तेव्हा पुढे काय करायचं ते तिचं ठरलेलं असतं. आणि बॉल गेला की कंबरेवर हात ठेवून उभी राहत नाही, उलटी वळते आणि मागे पळते. फॉरवर्ड असून स्वतःच्या गोलपासून पंचवीस यार्डांपर्यंत टॅकल करत येते. पॅरिसला २०२४ च्या ऑलिंपिक क्वार्टर फायनलमध्ये आपल्या रोहिदासला रेड कार्ड मिळालं, ग्रेट ब्रिटनसमोर दहा जणांनी चाळीस मिनिटांवर खिंड लढवली, मग शूटआउटमध्ये गोलकीपर श्रीजेश उभा राहिला. ती मॅच आपण सगळ्यांनी ओरडून ओरडून बघितली ना? त्या दिवशी फॉरवर्ड मागे येऊन टॅकल करत होते, त्याला तुम्ही काय दाद दिली होती! इथे तेच आपली पोरगी मुरमावर करते, तर "पोझिशन सोडते" म्हणता.

आता दोष. मीही आंधळा नाही. रिव्हर्स खरंच नाही, डावीकडे आलेला बॉल ती अंग फिरवून घेते आणि त्यात अर्धा सेकंद जातो. गोलकीपर समोर आली की घाई करते, व्हिडिओत मारलाय तसा पॅडवर मारते, कोपरा बघत नाही. तोंडातून आवाज काढत नाही, "दे" म्हणून बॉल मागतसुद्धा नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे एक गोल चुकला की पुढची पाच मिनिटं मान खाली. हा शेवटचा दोष मला खरा घाबरवतो, कारण ग्रुपवरच्या कमेंटी तिच्या मोठ्या बहिणीच्या मोबाइलमध्ये दिसतात, आणि मोबाइल घरात एकच आहे.

"बॉल सोडत नाही" हे मात्र मी यादीत मुद्दाम धरलं नव्हतं. ते मोजायचं होतं.

आज संध्याकाळी आमच्या पोरींची दुसऱ्या शाळेशी मॅच होती. नेहरू कप या शालेय हॉकी स्पर्धेच्या आधीची सरावाची. मी लिंबाखाली खुर्ची टाकली. हो, लिंब अजून आहे, बुंध्याला कुणीतरी मोबाइल रिचार्जची पाटी ठोकलीय. मोजत बसलो. मॅच संपली, ती पाणी प्यायला आली. अंकलसारखा नुसता आकडा सांगून गप्प बसायचं नाही, हे ठरवूनच आलो होतो. म्हटलं, "चार वेळा तुझी जोडीदार फ्री होती. तू दिला नाहीस."

तिने बाटली खाली ठेवली. जरा आठवल्यासारखं केलं आणि म्हणाली, "काका, त्यातल्या दोनदा ती डाव्या विंगले होती ना. बॉल तिले उजवीकडून गेला असता, रिव्हर्सवर घ्या लागला असता. तिले रिव्हर्स येत नाही." मग हसून, "मले तरी कुठं येते?"

मी चव्वेचाळीस वर्षं मोजलेली माणसं आठवत होतो. कोण फ्री आहे एवढंच मी मोजलं होतं. तिला बॉल कुठल्या बाजूने मिळेल, ती तो घेऊ शकेल का, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. पळता पळता ते हिच्या डोक्यात आलं.

"आणि उरलेल्या दोन?" मी विचारलं.

"त्या चुकल्या," म्हणाली, आणि बूट काढायला बसली. डाव्या बुटाचा तळ पुढून सुटलाय, हॉकीच्या ग्रिपची जुनी टेप गुंडाळून चालवतेय.

तर कमिटीच्या सन्माननीय सदस्यांनो, ज्यांनी ज्यांनी "वळताना घसरते" असं लिहिलंय त्यांच्यासाठी: बुटाचा नंबर पाच आहे. इनबॉक्समध्ये "ग्रेट वर्क काका" नको. उद्या सकाळी सहाला ग्राउंडवर या, येताना मुरमावर मारायला एखादं फावडं आणा. चाकोऱ्या बुजवायच्या आहेत.