‘हातून घडलं’ म्हणजे नेमकं कोणी केलं?

पास्काच्या (ईस्टरच्या) आधीचा आठवडा आला की वसईत नंदाखालपासून पाचूबंदरपर्यंत देवळादेवळांत पापनिवेदनाच्या, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करायच्या, रांगा लागतात. (सावंतवाडीकडे अजून ‘कुमसार’ म्हणतात. शब्द पोर्तुगीजांचा, काम तेच.) आत काय बोललं जातं ते गुप्त असतं आणि गुप्तच राहायला हवं. पण घरात, नाक्यावर आपण स्वतःच्या चुकांबद्दल कसं बोलतो ते सगळ्यांना ऐकू येतं. ‘हातून घडलं.’ ‘तोंडातून गेलं.’ ‘घेतली गेली थोडी.’ मराठीत कर्ता गाळायची सोय भरपूर आहे आणि आपण ती पुरेपूर वापरतो. पश्चात्तापाची पहिली पायरी व्याकरणाची आहे: ‘मी’ लावा आणि वाक्य पुन्हा म्हणा. ‘मी तिला मारलं.’ ‘मी खोटं सांगितलं.’ लगेच जड जातं.

आदामाने हाच प्रयत्न केला होता. ‘तू दिलेल्या बाईने मला फळ दिलं’ म्हणत त्याने एका दमात बायको आणि देव दोघांवर ढकललं. बाईने सापावर ढकललं. सापाला ढकलायला कोणी उरलं नाही.

आपल्याकडे सापाच्या जागी उभं करायला बरेच आहेत. दारूचा आत्मा, पिढीजात शाप, वाडीतलं काहीतरी ‘लागलेलं’. ख्रिस्ती झालो म्हणून हे सुटलं नाही, उलट काही प्रार्थनासभांत त्याला नवी नावं मिळाली. पिढीजात शापाचं उत्तर बायबलमधल्या यहेज्केलच्या १८व्या अध्यायात सरळ दिलंय: बापाने आंबट द्राक्षं खाल्ली म्हणून पोरांचे दात आंबले, ही म्हण आता बंद, ज्याचं पाप त्याच्या माथी. याकोबाचं पत्र (१:१४) म्हणतं, माणूस मोहात पडतो तो स्वतःच्याच वासनेने ओढला जाऊन.

अर्थात सगळ्या चुकांचं वजन सारखं नसतं. गंभीर पाप ठरायला चर्च तीन गोष्टी एकत्र मागतं: बाब गंभीर, तिची पूर्ण जाणीव आणि स्वतःची संमती. अज्ञान, भीती, दडपण, जडलेली सवय यांनी जबाबदारी कमी होते. पण सवयीचं गणित नीट समजून घ्या. व्यसनामुळे आजच्या पेल्याचा दोष हलका होईल, पण उपचार टाळायचं तुम्ही सकाळी शुद्धीत ठरवता.

खरी अडचण पुढे आहे. पापक्षमा मिळाली, सांगितलेल्या दोन-चार प्रार्थना म्हटल्या, की आपण प्रकरण मिटलं असं धरून चालतो. चर्चची शिकवण तशी नाही. पश्चात्ताप, कबुली आणि भरपाई अशी तीन कामं पापी माणसाची, हे कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५५१ मध्येच मांडलंय. क्षमेने पाप जातं, पापाने केलेली मोडतोड आपोआप दुरुस्त होत नाही. चोरलेलं परत द्यायचं, बदनाम केलेल्याचं नाव सावरायचं. ही हौस नाही, संस्काराचा भाग आहे.

आपल्याच भागातला नमुना घ्या. वडील मृत्युपत्र न करता गेले. वाडी बिल्डरला द्यायची म्हणून वारस लावताना भावांनी लग्न झालेल्या बहिणीचं नाव गाळलं. आपल्या ख्रिस्ती लोकांना १९२५चा भारतीय वारसा कायदा लागतो: विधवेला एक तृतीयांश, उरलेलं मुलामुलींत समान. मुलगी नांदायला गेली म्हणून तिचा वाटा जात नाही. वडिलांच्या नावावर बारा गुंठे, मागे आई, तीन भाऊ, एक बहीण, तर आईचे चार गुंठे आणि प्रत्येक मुलामुलीचे दोन. बहिणीचे ते दोन गुंठे खिशात ठेवून आपण कशाची क्षमा मागतो?

जमीन अजून विकलेली नसेल तर वारस नोंद दुरुस्त करायला तलाठ्याकडे अर्ज करा, फेरफार होऊन सातबारावर तिचं नाव येऊ द्या. विकली असेल तर तिच्या वाट्याची रक्कम द्या. ‘कर्जासाठी सही पाहिजे’ असं सांगून नोंदणीकृत हक्कसोडपत्र घेतलं असेल, तर साध्या अर्जाने ते पुसलं जात नाही. वकील गाठून नवा दस्त करावा लागतो. आणि ‘तिने स्वखुशीने सोडला’ हे उत्तर, तिला आपला वाटा किती हे माहीत होतं तरच चालेल.

द्यायचं किती? बायबलमधल्या गणनेच्या पुस्तकात (५:७) मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा सांगितलाय, म्हणजे दहा हजारांचे बारा हजार. शुभवर्तमानातल्या जक्कय जकातदाराने आपणहून चौपट देऊ केलं. आज चर्चने टक्का ठरवलेला नाही, पण वीस वर्षांपूर्वीच्या भावाने पैसे देऊन ‘फिटलं’ म्हणणं ही दुसरी चोरी झाली.

बदनामीचंही तसंच. ज्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उठवलंत त्याच ग्रुपवर ‘मी लिहिलं ते खोटं होतं’ असं लिहा. खाजगीत ‘सॉरी’ म्हटल्याने ग्रुपवरची दोनशे माणसं दुरुस्त होत नाहीत. एक अपवाद मात्र खरा आहे. कबुलीने तिसऱ्याच निरपराध माणसाचं नुकसान होणार असेल तर थांबा, आधी फादरांशी बोला. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेच्या नवव्या पायरीतही हीच अट आहे. चोरीचे पैसे नाव न सांगता फादरांमार्फतही परत करता येतात.

आता सवय. ‘मी सुधारेन’ हा निश्चय टिकत नाही, कारण त्यात मोजायला काही नसतं. संत इग्नेशियसची जुनी पद्धत यापेक्षा कितीतरी व्यवहारी आहे. एकच दोष निवडायचा. सकाळी उठताच त्याचा निश्चय. दिवसात चूक झाली की तिथल्या तिथे छातीवर हात, कोणाला कळतही नाही. दुपारी जेवणानंतर सकाळपासूनची मोजणी करून एका ओळीवर तेवढे ठिपके, रात्री दुसऱ्या ओळीवर. मग दुपारची ओळ रात्रीच्या ओळीशी, कालची आजशी, हा आठवडा मागच्या आठवड्याशी ताडून पाहायचा. खिशातली डायरी पुरते. फसतं ते दोन ठिकाणी. लोक एकदम चार दोष घेतात, किंवा ‘तापट स्वभाव’ असलं काहीतरी मोजायला जातात. स्वभावावर ठिपका टाकता येत नाही. ‘पोरावर हात उचलला’ यावर येतो.

उपवासकाळात दारू सोडणारे आपल्याकडे खूप. राखेच्या बुधवारपासून रविवार वगळून ४० दिवस, आणि पास्काच्या दुपारी बाटली उघडते. मत्तयच्या १२व्या अध्यायातलं झाडून-पुसून रिकामं ठेवलेलं घर ते हेच; गेलेला एक दुष्ट आत्मा परत येताना आणखी सात घेऊन येतो. संध्याकाळी सात ते नऊ काय करायचं हे ठरवल्याशिवाय सोडणं अर्धवट. आणि रोज भरपूर पिणाऱ्याने व्रत म्हणून एकदम बंद करू नये. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होऊ शकतो, जीवही जातो. आधी डॉक्टर, मग व्रत.

मारहाण करणाऱ्या नवऱ्याने माफी मागितली की सगळे बायकोवर उलटतात: ‘क्षमा कर, ये परत.’ क्षमा करणं आणि परत नांदायला येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ती कधी परतेल, परतेल की नाही, हे ती ठरवेल. पश्चात्ताप खरा असेल तर तोवर त्याने घरखर्च पोचवावा, समुपदेशनाला जावं आणि तिच्या माहेरच्या दारात आरडाओरडा करू नये.

यातलं काही तुम्हाला लागू असेल तर पवित्र आठवड्याच्या रांगेत उभे राहू नका. मागे पन्नास माणसं असताना सातबाराचा विषय निघत नाही. आठवडाभर आधी फादरांकडे वेगळी वेळ मागा आणि काय केलं, कोणाचं, किती, कधीपासून, एवढं चिठ्ठीवर लिहून न्या. नावं नकोत. परत आल्यावर चिठ्ठी जाळून टाका.