रूबीच्या मागे, ज्वारीतून

साउथ डकोटात मार्चअखेरीस हवा कशी असते, हे तिथल्या माणसाला विचारू नये. तो 'ब्यूटिफुल' म्हणतो. म्हणजे सकाळी उणे पाच, दुपारी जाकीट फेकून द्यावंसं वाटेल असं ऊन, मध्येच कधीतरी हिमकणांचा मारा, आणि तिन्ही वेळा न चुकता वारा. हा वारा तुम्ही बोललेला शब्द परत तुमच्याच तोंडात कोंबतो. याला तिकडे वसंत म्हणतात.

अशा वसंतात शहाणी माणसं घरात बसतात. आमच्या मॅनेजरने मात्र टीमला फेझंटच्या, म्हणजे कोंबड्यासारख्या एका रानपक्ष्याच्या, शिकारीला न्यायचं ठरवलं. रानातल्या फेझंटचा हंगाम जानेवारीअखेर संपतो, पण खासगी शिकार-राखीव जागांवर तो ३१ मार्चपर्यंत चालतो, आणि शेवटच्या आठवड्यात बुकिंग सहज मिळतं. का मिळतं, ते गाडीतून उतरल्यावर कळलं.

सुटका करून घ्यायला मी व्हिसाचा आधार घेतला होता. एच-वन-बीवाल्याला अमेरिकेत बंदूक बाळगायला बंदी आहे, हे मी अत्यंत दुःखी चेहऱ्याने सांगितलं. मॅनेजरने तिथल्या तिथे फोन काढून शोधलं: शिकारीचं लायसन्स असेल तर सूट आहे. इतक्या वर्षांत या देशाचा एकही कायदा माझ्यासाठी वाकला नव्हता, तो नेमका इथे उदार झाला.

आणि ज्याच्यावर बार काढायचा तो पक्षी कोण, तर माझ्यासारखाच बाहेरून आलेला. शांघायमधले अमेरिकेचे वाणिज्यदूत ओवेन डेनी यांनी १८८०च्या दशकात चीनमधून फेझंट ओरेगॉनला धाडले, पुढे ते डकोटात रुजले. १९१९ साली तिथल्या स्पिंक काउंटीत त्यांच्या शिकारीचा पहिला हंगाम झाला, आणि १९४३ साली हा चिनी पाहुणा चक्क राज्यपक्षी झाला. माझी ग्रीन कार्डाची रांग अजून हललेली नाही. पण त्याला राज्यपक्षी करूनही गोळ्या घालतातच हे पाहिल्यावर मी रांगेबद्दल कुरकुरणं कमी केलं.

गाईड साठीचा शेतकरी होता. शब्द जपून वापरायचा, बहुधा वाऱ्यामुळे. त्याने आम्हाला भडक केशरी जाकिटं, केशरी टोप्या आणि वर-खाली नळ्या असलेल्या दुनळ्या दिल्या. नियम सांगितला एकच: पक्ष्याच्या खाली आकाश दिसलं तरच चाप ओढायचा. जमिनीलगत उडाला तर सोडून द्यायचा, कारण खाली कुत्री असते. "पक्षी दुसरा मिळेल, रूबी मिळणार नाही," तो म्हणाला. आमच्याबद्दल काही म्हणाला नाही.

रूबी जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर, तपकिरी ठिपक्यांची, शेपूट बोटभर. जोडीला हँक नावाचा लॅब्रॅडॉर, पडलेला पक्षी आणून देण्यासाठी. माणसांचे मात्र दोन गट: चालणारे आणि अडवणारे. चालणारे रानातून पक्षी उठवत जातात, अडवणारे दुसऱ्या टोकाला उभे राहतात. मॅनेजर कॉफीचा थर्मास घेऊन दुसऱ्या टोकाला गेला.

मी रानाच्या तोंडाशी आलो आणि थबकलो. समोर ज्वारी. पट्टेच्या पट्टे ज्वारी, बुटकी, लालसर कणसांची, बर्फाने निम्मी लोळवलेली, पण ज्वारीच. आमचं गाव मंगळवेढ्याजवळ. लहानपणी अण्णा मला माळ्यावर चढवून हातात गोफण देत आणि पाखरं राखायला बसवत. एक पाखरू कणसावर टेकलं तरी शिव्या मला. इथे पाखरांनी यावं म्हणूनच ज्वारी पेरतात. पेरून काढत नाहीत. तरीही पाखरं कमी पडतात, म्हणून पिंजऱ्यात वाढवलेली आणून रानात सोडतात. आणि मग ती उठवायला आमच्यासारख्यांकडून डॉलरमध्ये पैसे घेतात! अख्खं बालपण मी हे काम फुकट केलं होतं, तेही शिव्या खात.

चालायला लागलो. बर्फ नुकताच वितळलेला, खाली चिकट चिखल. दर पावलाला बूट जड होत जातो आणि शेवटी आपण बूट घातलाय की बुटाने आपल्याला, हे कळेनासं होतं. रूबीला यातलं काही नाही. गाईडने आम्हाला वाऱ्याच्या तोंडावर चालवलं होतं, म्हणजे पुढचा वास सरळ तिच्या नाकात. ओल्या गार जमिनीवर वास टिकतो म्हणे. माझं नाक केव्हाच बधिर झालं होतं.

अचानक ती गोठली. एक पाय वर, मान ताठ, शेपटीचा बोटभर तुकडासुद्धा स्थिर. याला पॉइंट म्हणतात. मागून आलेला हँकही तिला बघून जागीच थांबला. त्याला काही वास आला नव्हता, पण रूबी थांबली म्हणजे काहीतरी असणार. आमच्या मीटिंगमध्ये आर्किटेक्टने मान हलवली की बाकीचे हलवतात, तसं.

गाईडने मला पुढे जायची खूण केली. दोन पावलं टाकली आणि पायाखालून फडफडाट करत, कर्कश ओरडत, तांबडं-सोनेरी काहीतरी वर गेलं. "रूस्टर!" गाईड ओरडला, म्हणजे नर. मी नियमाप्रमाणे खाली आकाश आहे का ते बघितलं. आकाश होतं. पक्षी नव्हता.

मग रूबीने मागे वळून माझ्याकडे बघितलं. भुंकली असती तर बरं झालं असतं. तिने पक्षी शोधला, रोखून धरला, मला बोलावून दाखवला. आता तो कुठे पडला एवढंच तिला विचारायचं होतं. मी उगाच बंदुकीची नळी तपासली. गाईडनेही आभाळाकडे बघत "वारा फार आहे" म्हणून माझी लाज राखली. कुत्रीने राखली नाही.

पुढचा कोंबडा तर उडालाच नाही. फेझंटचा पंखांपेक्षा पायांवर विश्वास जास्त. तो ज्वारीच्या सरीतून पळत सुटला, रूबी थांबत-सरकत मागे, आणि तिच्या मागे दुनळी सांध्यातून उघडून हातावर टाकलेला मी. शेवटी रान संपलं, आडोसा संपला, तेव्हा नाइलाजाने तो उठला. दोन बार झाले, एक माझा, एक मॅनेजरचा. पक्षी पडला. हँकने तो अलगद तोंडात धरून गाईडच्या हातात दिला. कुणाचा, यावर क्षणभर सगळे घुटमळले. गाईडने मॅनेजरचं अभिनंदन केलं. क्रेडिट कार्ड त्याचंच होतं.

मॅनेजरच्या घरी मात्र असलं काही शिजत नाही, त्यामुळे पक्षी शेवटी माझ्याकडेच आला. बायकोने घरात घ्यायच्या आधी दोन प्रश्न विचारले आणि एकाचंही उत्तर तिला पटलं नाही. तरी कांदा-लसूण मसाला घालून रस्सा झाला. चरबी नावाला नाही, त्यामुळे मांस चिवट, आणि दुसऱ्याच घासाला दाताखाली छर्रा. म्हणजे एक तरी बार नक्की लागला होता. माझाच, असं मी जाहीर केलं.

रात्री अण्णांना फोटो पाठवले. त्यांचा लगेच फोन.

"ती मागं ज्वारी हाय का रं?"

"हो अण्णा."

"मार्च सरत आला, अजून काढली न्हाई?"

"काढतच नाहीत. पाखरांसाठी पेरतात."

"आन् कडबा?"

"तो पण तसाच उभा. पाखरांना आडोसा लागतो म्हणून."

अण्णांनी कुत्रीबद्दल विचारलं नाही, बंदुकीबद्दल नाही, मला थंडी वाजली का तेही नाही. म्हणाले, "सायबाला इचारून बघ, पेंडीला काय भाव लावतील."