तुम्ही कुठल्या डिपार्टमेंटच्या?

मेडिसिन वॉर्डात पहिल्या दिवशी सहा जणांनी मला हा एकच प्रश्न विचारला. ‘सायकियाट्री’ म्हटलं की समोरच्याचा चेहरा खुलायचा. ‘बरं झालं. मग हे सॅम्पल तेवढं लॅबला देऊन या.’

मी एमडी सायकियाट्रीच्या, म्हणजे मानसोपचाराच्या, तिसऱ्या वर्षाला आहे. गाव बेळगावच्या खानापूर तालुक्यातलं, जांबोटीच्या अलीकडचं. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण दुसरीकडे शिकणाऱ्या मैत्रिणींकडूनही हेच ऐकते. (आणि माझी प्रॅक्टिकल अजून व्हायचीय, हेही खरंच.)

बाहेरच्यांना हे फारसं ठाऊक नसतं म्हणून सांगते. एमडी-एमएसची तीन वर्षं एका विषयाची, पण त्यातले काही आठवडे दुसऱ्या विभागात काढायचे असतात, त्याला पोस्टिंग म्हणतात. आम्हाला मेडिसिन आणि न्यूरॉलॉजी, भूलवाल्यांना आयसीयू, असं. शिवाय २०२१ च्या बॅचपासून प्रत्येकाला तीन महिने जिल्हा पातळीवरच्या सरकारी दवाखान्यात डीआरपी (डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्रॅम) करावीच लागते, अगदी अ‍ॅनाटॉमीत, म्हणजे शरीररचनेत, एमडी करणाऱ्यालाही. कागदावर सगळं छान आहे.

वॉर्डात मात्र तुम्ही ‘बाहेरचे’. सीमाभागातल्या माणसाला हा शब्द काही नवा नाही म्हणा. बेंगळुरात आपण मराठी, पुण्यात कानडी. पण इथली गंमत अशी की तुमच्याकडून काम करून घ्यायला कुणाची हरकत नसते, शिकवायला कुणाला सवड नसते. ब्लड बँकेचा फॉर्म न्या, सीटीला ट्रॉलीबरोबर जा, डिस्चार्ज समऱ्या लिहा. राउंडला सर काही सांगायला लागले की मी नेमकी एक्सरेच्या खिडकीवर. पहिल्या दहा दिवसांत मी एकही पेशंट नीट धड बघितला नाही.

अकराव्या दिवशी माझा भाव अचानक वधारला.

युनिटचे ड्यूटीवरचे दोन पीजी, म्हणजे माझ्यासारखेच एमडी करणारे, एक केरळचा, एक राजस्थानची. ‘नीट’ परीक्षेतून आलेली, हुशार, मरमर काम करणारी पोरं. कानडी जेमतेम, मराठी शून्य. रात्री साडेअकराला एक पंचविशीतला पोरगा आणला, सोबत आई आणि चुलता. आईचं एकच पालुपद, ‘औषध प्यालाय ओ, औषध प्यालाय.’ केरळच्या डॉक्टरानं आपल्या हिंदीत विचारलं, कौन सी दवाई? गोली या सिरप?

आता आपल्याकडं औषध ‘घेतात’ ते तापावर, ‘मारतात’ ते पिकावर, आणि कुणी औषध ‘प्यालाय’ म्हटलं की इथलं शेंबडं पोरही समजतं काय झालंय ते. मी चुलत्याला विचारलं, बाटली कुठाय? म्हणाला, गोठ्यात. त्या पीजीला पाच मिनिटांत वासावरून कळलंच असतं, तो काही कच्चा नव्हता. पण ती पाच मिनिटं वाचली, आणि त्या रात्रीपासून मी ट्रॉलीवाली न राहता ‘मॅडम’ झाले.

चुलता बाजूला घेऊन म्हणाला, ‘चुकून प्याला म्हणून लिहा मॅडम, पोलिसाचं लचांड नको.’ हे मात्र माझ्या खात्यातलं. त्याला सांगितलं, एमएलसी, म्हणजे पोलिसांकडं जाणारी नोंद, होणारच, ती चुकत नाही. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ म्हणतं की असा प्रयत्न करणारा माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच आधी धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही. त्यावर तो बराच वेळ गप्प बसला आणि मग खरं काय ते बोलला. ते इथं लिहीत नाही.

त्या रात्री मला शिकवलं ते अक्कानं. वॉर्डच्या सिस्टर, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, घरची भाषा कानडी, आमच्याशी मराठी. मी टॉर्च मारून पोराच्या डोळ्यांच्या बाहुल्या बघत बसले होते. ‘बाहुलीकडं काय बघालीस? छाती ऐक आदी.’ छातीत घरघर आहे तोवर अ‍ॅट्रोपिन, म्हणजे या विषावरचा उतारा, दर पाच मिनिटांनी दुप्पट. मग नाडी, मग बीपी, मग काखेत हात घालून घाम थांबलाय का ते. बाहुली मोठी व्हायला वेळ लागतो, तिच्यावर विसंबलीस तर फसशील, हे तिनं मला सलाइन लावता लावता सांगितलं.

आणि मान. दुसऱ्या दिवसापासून सकाळी गेल्या गेल्या पोराला म्हणायचं, उशीवरून मान उचल. पहिले दोन दिवस त्यानं उचलली. तिसऱ्या दिवशी तो शुद्धीवर होता, बोलत होता, आईकडं पेज मागत होता, पण मान उचलेना. नुसती हनुवटी हलली. अक्कानं माझ्याकडं बघितलं आणि मी पळत सुटले. विषाच्या पहिल्या चार दिवसांत श्वासाचे स्नायू असे ढिले पडू शकतात, आणि मान ही त्याची चाहूल. इंटरमीडिएट सिंड्रोम म्हणून मी पुस्तकात अर्धं पान वाचलं होतं. त्यातलं काहीएक मला त्या क्षणी आठवलं नाही, मान तेवढी दिसली. पोरगा व्हेंटिलेटरवर गेला, आठवड्यानं घरी गेला.

याचा मला पुढं काय उपयोग झाला तेही सांगते. आठ महिन्यांनी मी माझ्या विभागात, रात्री मेडिसिनमधून कॉल. ‘पेशंट व्हायोलंट आहे, हातपाय बांधलेत, येऊन इंजेक्शन द्या.’ हाही औषध प्यालेलाच. हवेतले न दिसणारे दोरे ओढत होता, आईला ओळखत नव्हता. काखेत हात घातला तर कोरडी ठणठणीत, आणि अंग तव्यासारखं. पोटाला स्टेथोस्कोप लावला, आतडी चिडीचूप. लघवी तुंबून ओटीपोट बेंबीपर्यंत फुगलेलं. हे वेड आमच्या खात्यातलं नव्हतं, पंपातून चाललेल्या जादा अ‍ॅट्रोपिनचं होतं. त्यांच्या सीनियरला फोन लावला, पंप थांबला, कॅथेटर पडला. सकाळी त्यानं चहा मागितला. मेडिसिनचा महिना केला नसता तर मी हॅलोपेरिडॉल, आमच्या खात्यातलं शांत करायचं इंजेक्शन, लिहून झोपायला गेले असते, अगदी शांत मनानं.

म्हणून ‘ही पोस्टिंगं नुसता टाइमपास आहेत, बंद करा’ असं आमच्या ग्रुपवर कुणी लिहिलं की मी भांडते. पोस्टिंग हवंच. पण मला जे मिळालं ते अक्काच्या कृपेनं आणि मायबोलीच्या पुण्याईनं. माझ्या आधीची ज्युनिअर त्याच वॉर्डात महिनाभर फक्त समऱ्या लिहून परत आली. महिना संपल्यावर मी लॉगबुक घेऊन सरांकडं गेले. त्यांनी पानं न उलटता सही केली आणि मान वर करून विचारलं, ‘कुठल्या डिपार्टमेंटची गं तू?’

मीही काही धुतल्या तांदळासारखी नव्हते. त्या पहिल्या दहा दिवसांत रिकाम्या वेळी मी फाइलीखाली धरून सायकियाट्रीच्या नोट्स वाचत होते आणि चारला थीसिसच्या नावाखाली सटकत होते. सहीपुरतं यायचं आणि सहीपुरतं ठेवून घ्यायचं, हा दोन्हीकडून झालेला करार आहे.

डीआरपीचं थोडक्यात. २०२३ च्या नियमांनी त्यासाठी ५० खाटांचा सरकारी दवाखानाही चालतो. पॅथॉलॉजीच्या एका मैत्रिणीला तिथं पहिले दोन आठवडे कुठं बसवायचं हेच ठरेना. शेवटी लॅब टेक्निशियननं आपल्या शेजारी खुर्ची ओढून दिली.

मला वाटतं ते एवढंच की पहिल्या दिवशी कुणीतरी एकानं, नाव घेऊन एकानं, सांगावं की महिन्याअखेर हिला काय आलं पाहिजे. सायकियाट्रीवाली असेल तर अ‍ॅट्रोपिन, दारू सुटल्यावर येणारी फिट, सोडियम उतरल्यामुळं बरळणारी म्हातारी. एवढं आलं तरी पुष्कळ. आणि दुसऱ्या राज्यातून आलेल्यांच्या हाती इथल्या बोलीचा एक कागद द्यावा. ‘औषध प्याला’, ‘कसंकसंच होतंय’, ‘घाबरं होतंय’, ‘अंगात आलंय’. आमच्या तालुक्यातला माणूस ताप घेऊन आला तर ‘कामाला कुठं गेला होतास?’ हे विचारायलाच हवं, कारण काजूच्या हंगामाला गोव्यात गेलेल्या आपल्याच भागातल्या मजुरांना माकडताप झालेला आहे. तो १९५७ साली शिवमोग्याच्या जंगलात पहिल्यांदा सापडला, गोचिडीतून होतो, हे सगळे पीजी पाठ करून आलेले असतात. विचारायचं कुठल्या शब्दांत, तेवढंच कुणी सांगत नाही.

परवा आमच्याकडं मेडिसिनची पहिल्या वर्षाची मुलगी पोस्टिंगला आली. ओपीडी तुंबलेली. मी वर न बघता विचारलं, कुठल्या डिपार्टमेंटची? आणि म्हटलं, मेडिसिन ना, मग वॉर्डातल्या सगळ्यांचे बीपी तेवढे घेऊन ये. काय बोलले ते तासाभरानं, जेवताना लक्षात आलं.

ती बावीसच्या बावीस बीपी घेऊन आली होती. नऊ नंबरच्या बाईंचं १८०/११०. वेनलाफॅक्सिनचा, म्हणजे बीपी वाढवू शकणाऱ्या नैराश्यावरच्या गोळीचा, डोस आम्हीच वाढवला होता, मंगळवारी. त्यानंतर त्यांचं बीपी कुणी घेतलंच नव्हतं.