‘रीसेट मारला की अँड्रॉइड बॉक्स स्वच्छ’: फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

गेल्या काही आठवड्यांपासून आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक संदेश फिरतो आहे. टीव्हीला जोडायचा दोन-अडीच हजारांचा अँड्रॉइड बॉक्स घ्या, फॅक्टरी रीसेट मारा, त्यावर रस्टडेस्कसारखे मुक्तस्रोत रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दूरचा संगणक चालवणारे सॉफ्टवेअर, टाका आणि घरच्या टीव्हीवरून सेवा केंद्रातला संगणक चालवा. राउटरच्या मागे असल्याने बाहेरचा कोणी शिरत नाही, आणि तसेही त्या डब्यात चोरण्यासारखे असते काय, असा त्याचा मथितार्थ. स्वस्त यंत्रांची खटपट करण्याची हौस मलाही आहे. म्हणूनच हे लिहिणे भाग पडले.

रीसेटने पुसला जातो तो आपण भरलेला भाग, म्हणजे अ‍ॅप, खाती आणि सेटिंग. कारखान्यातून आलेली मूळ प्रणाली वेगळ्या विभागात असते आणि रीसेटनंतर तीच पुन्हा उभी राहते. जानेवारी २०२३ मध्ये टी९५ नावाच्या स्वस्त बॉक्समध्ये सापडलेला घातक कोड नेमका त्या मूळ प्रणालीत होता. त्याने तयार केलेला ‘कोअरजावा’ हा फोल्डर पुसला, तरी बॉक्स पुन्हा सुरू होताच तो हजर होत असे. वरून सारवल्याने भिंतीतली वाळवी जात नाही, तसलाच हा प्रकार.

आठवडी बाजारातून आणलेला असाच एक बिननावाचा बॉक्स मी रीसेट करून तपासला. त्याच वायफायवरील लॅपटॉपवरून एडीबीची, म्हणजे अँड्रॉइड यंत्र दुसऱ्या संगणकावरून चालवण्याच्या साधनाची, आज्ञा त्याच्या ५५५५ क्रमांकाच्या पोर्टवर (जोडणीच्या दारावर) पाठवली. टीव्हीवर परवानगी विचारणारी चौकट यायला हवी होती, ती आली नाही. बॉक्सचे सर्वाधिकार मात्र विनापासवर्ड माझ्या हाती आले. सेवा केंद्राच्या वायफायवर बसलेल्या कोणाही ग्राहकाला हेच करता आले असते.

‘राउटरच्या मागे सुरक्षित’ हा दावा सर्वांत फसवा आहे, कारण तो अर्धा खरा आहे. बाहेरून आलेली अनाहूत जोडणी राउटर सहसा अडवतो. आतून बाहेर गेलेली अडवत नाही. रस्टडेस्कदेखील याच वाटेने चालते: दोन्ही टोकांची यंत्रे स्वतःहून बाहेरच्या सर्व्हरशी बोलतात आणि तिथे त्यांची गाठ पडते, म्हणूनच राउटरमध्ये काही न बदलता ते सुरू होते. संदेश लिहिणाऱ्याने हा फायदा कौतुकाने सांगितला आहे, परंतु बॉक्समधला घातक कोडही त्याच दाराने आपल्या मालकाला गाठतो, हे त्याच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

डब्यात चोरण्यासारखे नसेलही. चोराला हवी असते तुमची जोडणी. तुमच्या इंटरनेट पत्त्याआडून तिसऱ्याच माणसाचे उद्योग चालतात आणि चौकशी आली, तर ती जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याच्यापासून सुरू होते. सप्टेंबर २०२४ मध्ये डॉक्टर वेब या अँटिव्हायरस कंपनीने ‘व्होइड’ या एकाच घातक प्रणालीने १९७ देशांतील सुमारे १३ लाख टीव्ही बॉक्स बाधित झाल्याचे सांगितले होते, आणि जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने अशाच बाधित यंत्रांच्या ‘बॅडबॉक्स २.०’ या जाळ्याबाबत जाहीर इशारा दिला होता. एवढा खटाटोप कोणी तुमच्या मालिका पाहण्यासाठी करत नाही.

राहिला मुक्तस्रोताचा मुद्दा. रस्टडेस्कचा कोड कोणालाही वाचता येतो, हे खरे आणि मोलाचेही. पण त्याचे कूटलेखन (संदेश सांकेतिक करून पाठवणे) फक्त दोन यंत्रांमधली वाट राखते. टोकाचे यंत्रच फितूर असेल, तर सेवा केंद्राच्या संगणकाचा पासवर्ड तुम्ही त्या फितुराच्याच हातात टाइप करता, आणि त्या संगणकावर गावकऱ्यांचे आधार व सातबारे असतात.

मग बॉक्स फेकायचाच का? चिप अ‍ॅमलॉजिकची असेल, तर पुष्कळदा कोअरएलेक किंवा आर्म्बियन ही लिनक्सवर आधारित पर्यायी प्रणाली एसडी कार्डावरून चालवता येते. अनेक बॉक्समध्ये एव्ही (जुन्या टीव्हीची वायर लावायच्या) छिद्राच्या तळाशी एक बटण दडलेले असते. ते काडीने दाबून धरत वीज द्यायची. आतले अँड्रॉइड मग सुरूच होत नाही, पण ते पुसलेही जात नाही. कार्ड ढिले झाले आणि भारनियमनानंतर वीज आली, की बॉक्स गुपचूप जुन्या प्रणालीवर परततो. माझ्या बॉक्सचे कार्ड त्यामुळे चिकटपट्टीने बसवले आहे, तो राउटरच्या पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर आहे, आणि सेवा केंद्राच्या संगणकाला मी तो आजही जोडलेला नाही.