क्वांझा: जन्मतारीख ठाऊक असलेला सण

नाताळ उलटला की आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. मूळ इंग्रजी, दरवर्षी कुणीतरी त्याचा मराठी अवतार काढतं. मजकूर साधारण असा : ‘क्वांझा नावाचा आफ्रिकी सण साफ बनावट आहे. १९६६ साली कॅलिफोर्नियातल्या एका माणसानं तो बसल्या बसल्या रचला. आफ्रिकेत तो कुणी पाळत नाही. शब्द सगळे पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिलीतले आणि या काळ्या अमेरिकनांचे पूर्वज आले पश्चिमेकडून. ख्रिसमसला शह द्यायला काढलेला सण, काढणारा तुरुंगात जाऊन आलेला, वर एफबीआयच्या हातचं बाहुलं. आणि पाळतं तरी कोण? ग्रीटिंग कार्डवाले.’ खाली हसून डोळ्यांत पाणी आलेले तीन चेहरे.

यातली निम्मी विधानं खरी आहेत. म्हणूनच लिहायला बसलो. धादांत खोट्या मेसेजसाठी मी एवढा वेळ घालवला नसता.

आधी १९६६ चं बघू. साल बरोबर, कॅलिफोर्नियाही बरोबर. लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीत ऑगस्ट १९६५ मध्ये एका काळ्या तरुणाची गाडी पोलिसांनी अडवली, त्यावरून वस्ती पेटली आणि सहा दिवसांत ३४ माणसं मेली. त्या राखेतून ज्या संघटना उभ्या राहिल्या त्यांतली एक मौलाना करेंगा यांची. (नाव वाचून मौलवी समजू नका. जन्मनाव रोनाल्ड एव्हरेट. ‘मौलाना’ हा शब्द स्वाहिलीनं अरबीतून घेतला, तसा आपणही घेतलाच की.) पुढच्या वर्षी २६ डिसेंबरला त्यांनी पहिला क्वांझा केला. सात दिवस, १ जानेवारीपर्यंत. दर दिवशी एक मेणबत्ती आणि एक तत्त्व : उमोजा म्हणजे एकी, कुजिचागुलिया म्हणजे आत्मनिर्णय, उजिमा म्हणजे मिळून काम आणि मिळून जबाबदारी, उजामा म्हणजे सहकारानं पैसा खेळवणं, मग निया हा हेतू, कुउंबा ही सर्जनशीलता, शेवटी इमानी, श्रद्धा.

तर जन्मतारीख ठाऊक आहे. बरं, मग? अमेरिकेचा थँक्सगिव्हिंग राष्ट्रीय सण झाला तो लिंकननं १८६३ साली जाहीरनामा काढला म्हणून. आणि आपल्यातल्या कुणी ‘एका माणसानं सुरू केलेला सण’ म्हणून नाक मुरडावं हे तर भलतंच. सार्वजनिक गणेशोत्सवाचं साल शाळेतलं पोरही सांगेल, दीक्षाभूमीवर दर दसऱ्याला जमणाऱ्या लाखो माणसांना १४ ऑक्टोबर १९५६ ही तारीख तोंडपाठ असते. त्यांना ‘तुमचा सण बनावट’ म्हणायला कुणी धजावत नाही.

पण ही झाली वकिली. खरं कारण मला कळलं ते शेजारच्या बाईंच्या घरी.

बाई निवृत्त शिक्षिका, एकट्या राहतात. ३१ डिसेंबरला क्वांझाचं मोठं जेवण असतं, त्याला करामू म्हणतात. त्या वर्षी त्यांनी आम्हां तिघांना बोलावलं. दारातच बाईंनी विचारलं, ‘हबारी गानी?’ म्हणजे काय खबर? याचं उत्तर त्या दिवसाचं तत्त्व. मुलीनं आधीच पाठ केलं होतं, तिनं ठणकावून सांगितलं, ‘कुउंबा!’ टेबलावर चटई, तिच्यावर मेणबत्त्यांचं लाकडी घर. त्याला किनारा म्हणतात. समुद्राशी त्याचा काही संबंध नाही. मधली मेणबत्ती काळी, डावीकडे तीन लाल, उजवीकडे तीन हिरव्या. सहा पेटलेल्या, एक उद्यासाठी कोरी. हे रंगही करेंगांचे नव्हेत. काळ्यांचे नेते मार्कस गार्वी यांच्या संघटनेनं १९२० मध्ये न्यूयॉर्कच्या अधिवेशनात काळ्या लोकांचा झेंडा म्हणून लाल-काळा-हिरवा जाहीर केला, तेच हे तीन.

जेवायच्या आधी बाईंनी लाकडी पेल्यातलं पाणी एका कुंडीत थोडं थोडं ओतायला सुरुवात केली. एकेका धारेला एकेक नाव. आई. आजी. मग आजीचे वडील, साउथ कॅरोलायनाचे, १८७० च्या जनगणनेत बारा वर्षांचा मुलगा म्हणून नोंदलेले. नंतर त्या थांबल्या आणि उरलेलं पाणी एकदमच ओतून म्हणाल्या, ‘आणि ज्यांची नावं आम्हांला ठाऊक नाहीत ते सगळे.’

माझे वडील पितृपक्षात तीन पिढ्यांची नावं घेत तर्पण करायचे, ते आठवलं. आमच्याकडे नावं आठवत नसतील तर तो आमचा आळस. बाईंकडची नावं कुणी लिहूनच ठेवली नव्हती. १८५० आणि १८६० च्या अमेरिकन जनगणनेत गुलामांचे वेगळे तक्ते आहेत. त्यात मालकाचं नाव ठळक, आणि खाली रकाने : वय, लिंग, रंग. नावाचा रकाना मालकासाठी. सरकारनं या माणसांना जनगणनेत सरसकट नावानिशी मोजलं ते थेट १८७० मध्ये. वंशावळ शोधणारे काळे अमेरिकन या सालाला भिंत म्हणतात. १८६० मध्ये अमेरिकेत जवळजवळ ४० लाख गुलाम होते. त्या सगळ्यांचे वंशज पाठीमागे चालत गेले की या एकाच भिंतीला येऊन धडकतात. माल्कम लिटल या काळ्या नेत्यानं मालकाकडून आलेलं आडनाव टाकून तिथं ‘एक्स’ लावला तो याच रिकाम्या रकान्यासाठी.

मेसेजवाला म्हणतो, खरी परंपरा ती, जी आजोबांकडून नातवाकडे आली. ज्याच्या आजोबांची साखळीच लिलावात तोडली त्यानं काय करायचं? दोनच वाटा : परंपरेशिवाय राहायचं किंवा स्वतः निवडायची. कुजिचागुलिया या शब्दाची फोड केली तर अर्थ निघतो ‘स्वतःसाठी निवडणं’. सणाच्या दुसऱ्या दिवसाचं नावच ते आहे. तेव्हा ‘हे तुम्ही ठरवून केलंत’ हा आरोप ऐकून बाईंना राग येणार नाही. त्या म्हणतील, हो.

स्वाहिलीचा मुद्दा वरवर पाहता सगळ्यांत वजनदार. अमेरिकेत आणलेले बहुतेक गुलाम सेनेगलपासून अंगोलापर्यंतच्या पश्चिम किनाऱ्यावरून आले, हे खरं. स्वाहिली झांझिबार-मोंबासाकडची, हेही खरं; आणि त्या किनाऱ्यावरही गुलामांचा बाजार भरायचा हे मेसेजवाल्याला माहीत नसावं, नाहीतर तेही घातलं असतं. पण पश्चिमेकडची कुठली भाषा घ्यायची होती? योरुबा, अकान, वोलोफ, मेंडे, किकोंगो? एक घेतली की बाकीच्यांचे वंशज बाहेर. आणि आपण कुणाचे वंशज हेच जिथं कुणाला ठाऊक नाही, तिथं निवाडा कशावर करणार? स्वाहिली अनेक देशांत, अनेक जमातींत चालणारी. ती एका टोळीची म्हणून ओळखली जात नाही. शिवाय साठच्या दशकात तिला स्वतंत्र आफ्रिकेचा तजेला होता. टांझानियाचे अध्यक्ष जुलियस न्येरेरे याच भाषेत राज्यकारभार करत होते आणि फावल्या वेळात शेक्सपिअरचं ‘जुलियस सीझर’ तिच्यात उतरवत होते. ‘उजामा’ हा शब्द क्वांझाच्या आधीपासून त्यांच्या समाजवादाचं नाव होता. पुढे नायजेरियाचे लेखक वोले शोयिंका, मातृभाषा योरुबा, त्यांनीही साऱ्या खंडाची भाषा म्हणून स्वाहिलीचाच आग्रह धरला.

मराठी माणसाला तर ही यादी परकी वाटायचं कारणच नाही. हबारी ही आपली खबर, इमानी हे आपलं इमान, निया म्हणजे नियत, उजामाच्या पोटात जमात. एकाच हिंदी महासागराच्या दोन काठांवर एकच शब्द उतरले.

‘आफ्रिकेत कुणी पाळत नाही’ याला माझं उत्तर : पाळण्याचं कारण नाही. ज्याची साखळी तुटली नाही त्याला जोडायची गरज काय? घानातला अकान माणूस ओद्विरा करतो, इग्बो नव्या यामचा, म्हणजे कोनफळासारख्या कंदाचा, सण करतात, स्वाझींचा इंक्वाला तर डिसेंबर-जानेवारीतच येतो. पहिल्या पिकाच्या अशा सणांवरूनच क्वांझाचा सांगाडा घेतला. नावही ‘मातुंडा या क्वांझा’, पहिली फळं, यावरून आलं. क्वांझा समुद्रापलीकडे नेलेल्यांच्या नातवंडांचा सण आहे आणि तो तसाच सांगितला जातो.

ख्रिसमसचं थोडक्यात आटोपतो. सुरुवातीच्या काळात करेंगा ख्रिश्चन धर्माबद्दल तिखट बोलत आणि काळ्यांनी ख्रिसमसऐवजी आपला सण करावा असं म्हणत. पुढे त्यांनीच भूमिका बदलली. १९९७ मध्ये लिहिलं की क्वांझा कुणाच्या धर्माला किंवा धार्मिक सणाला पर्याय नाही. लोकांनी त्याआधीच ते ठरवून टाकलं होतं. बाईंच्या घरात किनाऱ्यापासून चार हातांवर ख्रिसमसचं झाड होतं आणि त्या रविवारी चर्चच्या गायकवृंदात गातात.

आता करेंगा. इथं मी मेसेजवाल्याशी भांडणार नाही. १९७१ मध्ये त्यांच्याच संघटनेतल्या दोन स्त्रियांचा छळ केल्याबद्दल, त्यांना डांबून ठेवल्याबद्दल करेंगांना शिक्षा झाली. १९७५ पर्यंत ते तुरुंगात होते. त्यांनी आरोप नाकारले, पुढे विद्यापीठात विभागप्रमुख झाले. पण त्या दोन स्त्रियांची गोष्ट त्यानं पुसली जात नाही. क्वांझाच्या समर्थकांनी हे पान पटकन उलटू नये असं मला वाटतं. प्रश्न एवढाच की सण त्यांचा राहिला का? तो गावोगाव नेला तो दुसऱ्यांनी, त्यांत बायका पुष्कळ. ओकलंड-बर्कलेच्या बाजूला माकिन्या सिबेको-कुआते यांनी आपल्या घरापासून सुरुवात केली. ब्रुकलिनमध्ये ‘द ईस्ट’ नावाचं केंद्र १९६९ मध्ये उभं राहिलं. त्यांनी मुलांसाठी ‘उहुरू सासा’, म्हणजे ‘स्वातंत्र्य आत्ता’, नावाची शाळा काढली. तिथल्या पोरांना करेंगांचा खटला बहुधा ठाऊकही नव्हता, पण सात तत्त्वं पाठ होती.

एफबीआयचं बाहुलं हा मात्र आरोप उलटा लावलाय. आपल्याला ब्लॅक पँथर ठाऊक, कारण त्यांच्या नावावरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली. करेंगांची संघटना आणि हे पँथर एकमेकांचे वैरी होते. १७ जानेवारी १९६९ ला लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात गोळ्या झाडल्या गेल्या, बंची कार्टर आणि जॉन हगिन्स हे दोन पँथर ठार झाले. एफबीआयनं दोन्हीकडे खोटी पत्रं आणि हिणवणारी व्यंगचित्रं धाडून हे वैर पेटतं ठेवलं. १९७६ मध्ये अमेरिकन सिनेटच्या, सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीच्या अहवालात ते सगळं आलं. म्हणजे पाळत दोघांवरही होती. पँथरांचा क्वांझावाल्यांवरचा खरा आक्षेप या मेसेजपेक्षा कितीतरी धारदार होता : नावं बदलून, झगे घालून सत्ता हातात येत नाही, आधी पोरांना सकाळचं खायला घाला. आणि त्यांनी ते घातलंही. त्या आक्षेपाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही.

राहिलं ‘पाळतं कोण?’ टपाल खात्यानं १९९७ मध्ये क्वांझाचं तिकीट काढलं, दुकानांत कार्डं आली, हे झालंच. पण कोट्यवधी लोक पाळतात हा समर्थकांचा आकडा मलाही फुगवलेला वाटतो. इतिहासकार कीथ मेज यांचा अमेरिकेपुरता अंदाज पाच ते वीस लाखांचा आहे. मुठभर म्हणा हवं तर. बाईंकडे आम्ही धरून सात माणसं होतो.

त्या टेबलावरची एक गोष्ट सांगायची राहिली. घरातल्या दर मुलामागे एक मक्याचं कणीस ठेवतात; मूल नसलेल्या घरातही ठेवतात, कारण वस्तीतली मुलं सगळ्यांचीच. मका अमेरिकेचा, आफ्रिकेचा नाहीच, हेही मेसेजच्या लांब आवृत्तीत असतं. खरंच आहे, आफ्रिकेहून आली होती ती शेजारच्या पातेल्यातली चवळी. स्वाहिलीत त्या कणसाला म्हणतात मुहिंदी. हे परकं धान्य किनाऱ्यावर आलं तेव्हा तिथल्या लोकांनी त्याला ‘हिंदचं’ असं नाव देऊन टाकलं, आणि भारतीय माणसालाही ते म्हिंदीच म्हणतात. बाईंनी हे सांगितल्यावर मुलगी कणसाकडे बघत राहिली. निघताना बाईंनी ते तिच्या हातात दिलं. घरी येऊन तिनं ते फ्रिजवर ठेवलं. भाजायचं नाही अशी सक्त ताकीद आहे.